झाडाचं उत्तर यायला किती वर्षं थांबशील?

पत्र थोडं आटोपशीर करून देते आहे:

"मॅडम, मी देवगड तालुक्यातली. दापोलीला बीएस्सी वानिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी हापूसची ऐंशी कलमं, थोडा काजू, गडग्याच्या कडेला रातांबे आणि माणगा बांबूची तीन बेटं आहेत. मला वनस्पतींच्या जैवतंत्रज्ञानात पुढे जायचं आहे, पण पिकांकडे जावं की वनवृक्षांकडे, हे ठरत नाही. सगळे म्हणतात नोकऱ्या पिकांत आहेत. मला झाडं आवडतात. एका टिश्यूकल्चर कंपनीत केळीच्या प्रॉडक्शनला नोकरी मिळते आहे, ती घेऊ की एमएस्सी करू? या क्षेत्रात परदेशी जावंच लागतं का? घरचे स्थळंही बघायला लागलेत. आणि बाबा म्हणतात, 'झाडां लावक कॉलेज कित्याक व्हया? तुझो आजो खय शिकललो?' त्यांना काय सांगू? नाव छापू नका."

प्रिय देवगडकर,

तुझ्या पत्राच्या खालच्या कोपऱ्यावर आंब्याच्या चिकाचा डाग आहे. पेट्या भरता भरता लिहिलंस वाटतं. मी तो डाग बराच वेळ बघत बसले, कारण माझ्या नोकरीची पहिली दोन वर्षं अशाच डागांत गेली. टिश्यूकल्चर, म्हणजे झाडाच्या लहान तुकड्यापासून बाटलीत रोप वाढवणं. आंब्याच्या कोवळ्या शेंड्याचे तुकडे करून बाटलीतल्या मिडियमवर, म्हणजे पोषक द्रव्यांच्या थरावर, ठेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघायचं तर तुकडा काळा आणि त्याच्याभोवतीचं मिडियमही काळं. चिकाच्या भावकीतलीच फिनॉलिक द्रव्यं ती. कापलेल्या जागेतून पाझरतात, हवा लागली की काळी पडतात आणि तुकड्यालाच मारतात. कोळशाची पूड घालून पाहिली, रोज बाटली बदलून पाहिली, अंधारात ठेवून पाहिलं. दोन वर्षांनी माझ्या वरिष्ठांनी शांतपणे सांगितलं, "आंबा सोड, बांबू घे." मी रडले आणि बांबू घेतला. कोकणातली आंब्याची बाग आजही कलमांवरच उभी आहे, यात माझ्या त्या दोन वर्षांचाही बारीकसा वाटा आहे म्हण.

आता तुझा पहिला प्रश्न. पीक की वन?

हा प्रश्न घाटावर शोभतो. तिथे ज्वारी शेतात असते आणि साग डोंगरात. आपल्याकडे गडग्याच्या आतलं आणि बाहेरचं यात तसा फरक काय आहे? रातांबा, म्हणजे आपलं कोकम, पीक की जंगली झाड? माणगा? बरका फणस तर कुणी मुद्दाम लावतही नाही, तो येतो. सरकारदरबारी कृषी आणि वन ही खाती वेगळी, त्यांच्या संस्था वेगळ्या, परीक्षाही वेगळ्या. झाडाच्या पेशीला यातलं काही ठाऊक नसतं. म्हणून तू प्रश्नच बदल. झाडाला एक प्रश्न विचारल्यावर त्याचं उत्तर यायला किती वर्षं थांबण्याची तुझी तयारी आहे?

भात घे. जूनमध्ये तरवा, जुलैत लावणी, ऑक्टोबरात कापणी. संकर फसला तर दिवाळीच्या आत कळतं आणि पुढच्या पावसाळ्यात चूक सुधारता येते. त्याचा जीनोम, म्हणजे पेशीतली सगळी आनुवंशिक माहिती, हीही आटोपशीर, सुमारे 39 कोटी अक्षरांचा, 2005 मध्ये वाचून झाला. उलट नॉर्वे स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचा जीनोम 2013 मध्ये वाचला गेला तो सुमारे 2,000 कोटी अक्षरांचा निघाला. भातावर काम करणारा माणूस तिशीत आपलं काम शेतात बघतो.

आंब्याचं तसं नाही. नीलम आणि हापूस यांचा संकर करून वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून 'रत्ना' बाहेर आला तो 1981 मध्ये. त्याच रत्नाचा परत हापूसशी संकर करून पातळ कोयीचा 'सिंधू' आला 1992 मध्ये. मोहोराच्या एका तुऱ्यावर शेकड्यांनी फुलं, चिमट्यानं एकेकावर पराग लावायचा, त्यातली बहुतेक गळतात. जी चार फळं टिकतात त्यांच्या कोयी लावायच्या आणि पहिला मोहोर येईपर्यंत सहा-आठ वर्षं रोपाकडे बघत बसायचं. मग फळ चाखायचं आणि बहुतेक वेळा मान हलवायची. रत्नात साका, म्हणजे गरातला स्पंजासारखा खराब भाग, होत नाही, तरी देवगडात नवी बाग लावणारा हापूसचंच कलम मागतो. त्याला नाव ठेवू नये, त्याच्या पेटीला दर हापूस या नावाचा मिळतो. पण ज्यानं आयुष्याची पंचवीस वर्षं त्या संकरात घातली, त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघ.

आणि साग? तो तोडणीला येतो साठ-सत्तर वर्षांनी. ज्यानं निवडला तो बघायला नसतो.

माझ्या मते वनवृक्षांचं जैवतंत्रज्ञान म्हणजे ही थांबण्याची वर्षं कमी करण्याची धडपड. जनुकं बदलणं वगैरे वर्तमानपत्रात येतं, पण रोजचं काम हेच. आणि त्यात एक खोच आहे, जिच्यात माझी सगळी उमेद गेली आणि मजाही तिथेच आली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एखादं झाड सरळ वाढलं, त्याचं लाकूड चांगलं निघालं, कीड लागली नाही, हे कळतं कधी? झाड जुनं झाल्यावर. मग वाटतं, याच झाडाची हजार रोपं करू. तर जुन्या झाडाची फांदी मुळं धरत नाही. कोवळ्या रोपाची काडी आठवड्यांत रुजते, ऐंशी वर्षांच्या झाडाची काडी कुजते. म्हणजे जे रुजतं त्याचे गुण माहीत नाहीत, आणि ज्याचे गुण माहीत आहेत ते रुजत नाही. बियांपासून करावं तर बी म्हणजे आई-बापांची सरमिसळ, गुण उतरतीलच असं नाही.

यावर माणसांनी ज्या युक्त्या काढल्या त्या ऐकण्यासारख्या आहेत. एक युक्ती आपल्या लाकूडतोड्यांनाही माहीत असते. झाड बुंध्याशी तोडलं की बुडख्याला जे धुमारे फुटतात ते तरण्या रोपासारखे वागतात. झाडाचा शेंडा वयानं म्हातारा असला तरी बुंध्याजवळचा भाग आतून लहानच राहिलेला असतो. दुसरी युक्ती प्रयोगशाळेतली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मस्करेन्हास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभरेक वर्षांच्या निवडक सागाचे डोळे बाटलीत वाढवून त्यांची रोपं केली, ते काम 1980 मध्ये छापून आलं. बाटलीत फुटवा पुन्हा पुन्हा कापून नव्या मिडियमवर ठेवत गेलं की त्याचं म्हातारपण हळूहळू उतरतं. त्याच प्रयोगशाळेतल्या बांबूनं 1990 मध्ये तर चमत्कारच केला. जो बांबू रानात तीस-तीस वर्षं फुलत नाही, तो बाटलीत काही महिन्यांत फुलला. 'नेचर'मध्ये ते छापून आलं. तेव्हा आम्ही, म्हणजे बाटलीत बांबू ठेवणारी सगळी मंडळी, आठवडाभर दुसरं काही बोलत नव्हतो.

तिसरी युक्ती मला सगळ्यांत आवडते. अमेरिकेच्या आग्नेय भागात लॉब्लॉली पाइन नावाचं झाड लाकडासाठी लावतात. त्याच्या कोवळ्या बीमधला गर्भ काढून त्यापासून पेशींचा गोळा वाढवायचा. त्या गोळ्यातून एकाच्या जागी हजारो गर्भ तयार होतात. त्यातल्या थोड्या पेशी द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर गोठवून ठेवायच्या आणि उरलेल्यांची रोपं करून रानात लावायची. असं वेगवेगळ्या बियांच्या अनेक गोळ्यांचं करायचं. काही वर्षांनी ज्या गोळ्याची झाडं सरस ठरतात, त्याच्या गोठवलेल्या पेशी बाहेर काढायच्या. रानातलं झाड तोवर वाढलेलं असतं, पण नळीतल्या पेशी अजून तान्ह्याच. म्हातारपणाच्या अडचणीला असं बगल देऊन जायचं!

या पाइनच्या कामात एक ओळखीचं नाव भेटतं. सागाच्या त्या 1980 च्या कामातले प्रमोद गुप्ता पुढे कॅलिफोर्नियात डॉन डर्झन यांच्याबरोबर पाइनवर काम करत होते, 1987 मध्ये त्यांनी पाइनची अशी रोपं करून दाखवली. साग रुंद पानांचा, पाइन सुईच्या पानांचा, दोघांचं गोत्र कुठेच जुळत नाही. तरी पुण्यातल्या सागावर बसलेला हात तिकडे उपयोगी पडला. तुझ्या पिकं-की-झाडं या काळजीला माझं एक उत्तर हेही आहे. हात एकदा बसला की तो झाड बदललं तरी राहतो.

म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर तुला कदाचित आवडणार नाही. केळीची नोकरी घे. एक वर्ष. पुढच्या मे महिन्यात राजीनामा द्यायचा, हे आजच कॅलेंडरवर लिहून ठेव आणि तिथे पगार वाढवून देतो म्हणाले तरी थांबू नकोस.

का, ते सांगते. एमएस्सीत तुला लॅमिनारवर, म्हणजे गाळलेल्या निर्जंतुक हवेच्या टेबलावर, बसायला आठवड्यातून एखादा दिवस मिळेल. प्रॉडक्शनमध्ये रोज आठ तास. केळीचा गड्डा सोलून आतला डोळा काढणं, फुटवे वेगळे करणं, चिमटा ज्योतीत धरून थंड होईपर्यंत थांबणं, हे हाताला करून करूनच येतं. पाचशे बाटल्यांतल्या किती बुरशीनं गेल्या हे रोज संध्याकाळी मोजताना कंटाळा येईल, पण कुठली बुरशी हवेतून आली, कुठली गड्ड्यातून आणि कुठली तुझ्या केसांतून, हे वर्षभरात बघताक्षणी कळायला लागेल. केळीत एक गोष्ट खास शिकशील. एकाच डोळ्यापासून फुटवे काढायचे किती वेळा, याला मर्यादा असते. हाव धरून काढतच राहिलं तर काही रोपं विचित्र निघतात, बुटकी किंवा पानं वेगळीच. शेतकऱ्याला ते कळतं आठ-नऊ महिन्यांनी, घड पडताना. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानं 2006 पासून टिश्यूकल्चरच्या रोपांना प्रमाणपत्राची पद्धत आणली आहे, विषाणू आहे का आणि रोप मूळ झाडासारखंच आहे का हे तपासतात. तुझ्या कंपनीकडे ते प्रमाणपत्र आहे का, मुलाखतीतच विचार. विचारल्याचा राग आला तर ती कंपनी नको.

हार्डनिंगकडे, म्हणजे बाटलीतली रोपं बाहेरच्या हवेला सरावून घेतात त्या विभागाकडे, बदली मागून घे, निदान पावसाळ्याचे तीन महिने. बाटलीतल्या रोपाला वारा माहीत नसतो. आत हवा इतकी दमट असते की पानाला मेणाचा थर चढत नाही, पानावरची छिद्रं मिटायला शिकलेली नसतात. बाहेर काढलं की तासाभरात मान टाकतं. मी एकदा माणग्याची चारशे रोपं मे महिन्यात बाहेर काढली होती, वरिष्ठ रजेवर होते आणि मला घाई होती. संध्याकाळपर्यंत जी वाळली ती वाळली, उरलेली नंतरच्या पहिल्या वळवात कुजली. चारशेतली अकरा जगली. ती पुढे कुणीतरी कुंपणाला लावली.

आणि लेबलं. हसू नकोस. आमच्या एका प्रयोगशाळेत ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायच्या भांड्यात, शाई उडाली आणि दोन झाडांचे फुटवे एकमेकांत मिसळले, ते कळायला सहा महिने लागले. आम्ही फार लहान माणसं होतो, पण मोठ्यांचंही असंच होतं. अमेरिकेत 1904 साली दिसलेल्या एका बुरशीनं पुढच्या काही दशकांत चेस्टनटची तीन-चार अब्ज झाडं मारली. त्या झाडात गव्हाचं एक जनुक घालून बुरशीला टिकणारं चेस्टनट तयार करायचं काम तिथे अनेक वर्षं चाललं. 'डार्लिंग 58' नावानं ज्या झाडाच्या चाचण्या होत होत्या, ते प्रत्यक्षात 'डार्लिंग 54' आहे हे 2023 मध्ये लक्षात आलं. चेस्टनटसाठी काम करणाऱ्या तिथल्या मोठ्या संस्थेनं त्या झाडाचा पाठिंबाच काढून घेतला. जीनोम वाचता येणाऱ्या काळात, नावाची अदलाबदल! तेव्हा पेन्सिलीनं लिही, दोनदा लिही.

नोकरीच्या त्या वर्षात परीक्षा द्यायच्या. जैवतंत्रज्ञानातल्या एमएस्सीसाठी गॅट-बी, कृषी विद्यापीठांसाठी आयसीएआरची पदव्युत्तर प्रवेश परीक्षा आणि राज्याची सीईटी. वानिकीची पदवी कुठल्या अभ्यासक्रमाला चालते हे माहितीपत्रकात आधी बघून ठेव, माझ्या माहितीतल्या दोन मुली अर्ज भरून झाल्यावर अडकल्या. पुढे पीएचडी करायची ठरली तर सीएसआयआर किंवा जैवतंत्रज्ञान विभागाची (डीबीटी) जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळव. 2023 पासून ती महिना 37,000 रुपये आहे, दोन वर्षांनी 42,000, वर घरभाडं. श्रीमंती नाही, पण देवगडहून पैसे मागवावे लागत नाहीत. आणि वानिकीची पदवी आहे तर एमपीएससीची वनसेवेची वाटही उघडी असते, पण ती वाट धरलीस तर बाटलीशी संबंध सुटतो हे ध्यानात ठेव. दोन्ही डगरींवर पाय नको.

जनुक बदललेल्या पिकांवर किंवा झाडांवरच सगळी भिस्त ठेवू नकोस, हेही या ओघात सांगते. आपल्या देशात 2002 मध्ये बीटी कापूस आला. 2010 मध्ये बीटी वांग्याला स्थगिती मिळाली ती आजवर उठली नाही, आणि जनुकबदल केलेलं दुसरं कुठलंही पीक अजून व्यापारी लागवडीसाठी शेतकऱ्याच्या हातात आलेलं नाही. परक्या जीवाचं जनुक न घालता, झाडाच्याच जनुकात बारीक दुरुस्ती करण्याच्या तंत्राला 2022 मध्ये नियमांतून बरीच सवलत मिळाली, आणि 2025 च्या मे महिन्यात अशा दुरुस्तीच्या दोन भातजाती जाहीर झाल्या. भाताला हे जमलं, कारण भाताची एक पेशी घेऊन तिच्यापासून पूर्ण रोप उभं करता येतं. आंब्याला, काजूला, रातांब्याला ते सहज येत नाही. दुरुस्त केलेल्या पेशीतून रोपच उभं राहिलं नाही तर दुरुस्ती कोणाला दाखवणार? म्हणून बाटलीतलं कंटाळवाणं काम मी तुझ्या मागे लावते आहे.

परदेशाचं थोडक्यात. जावंसं वाटलं तर पीएचडीनंतर जा, जावंच लागतं असं काही नाही. डेहराडूनला वन संशोधन संस्था आहे. कोइमतूरला वनवृक्षांची आनुवंशिकी आणि प्रजनन हाच विषय असलेली केंद्रीय संस्था आहे. आपण किनाऱ्यावर वाळू अडवायला जी सुरूची झाडं लावतो त्यांचे निवडक क्लोन, म्हणजे एकाच झाडाच्या हुबेहूब नकला, तिथे तयार झालेत. कासरगोडला माडाचं काम 1916 पासून चालू आहे. माडाला डोळा एकच, शेंड्याचा, तो काढला तर माड मेला. फांदी नाही, कलम नाही, फुटवा नाही, त्यामुळे माडाची हुबेहूब नक्कल करणं हे या धंद्यातलं अवघडातलं अवघड काम. घरापासून एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर इतकं कठीण काम पडलेलं असताना परदेशाची घाई कशाला?

लग्नाबद्दल मी सल्ला द्यावा असं तू विचारलेलं नाहीस, नुसतं सांगितलं आहेस. एवढंच म्हणते, की बघायला येणाऱ्या मुलाला सांग, माझ्या कामात रविवारीही सबकल्चर, म्हणजे फुटवे नव्या मिडियमवर हलवणं, असतं. त्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते बघ.

आता बाबा.

त्यांना उत्तर देऊ नकोस, त्यांना प्रश्न विचार. ऐंशी कलमांतली कुठली झाडं दर वर्षी धरतात, कुठली वर्षाआड, कुठली जवळजवळ धरतच नाहीत? मी पैजेवर सांगते, त्यांना एकेक झाड ठाऊक असेल. "वायंगणीकडचा तिसरा कसला कामाचा नाय," असं काहीतरी म्हणतील. मग पुढचं विचार. सगळ्या कलमांची काडी तर आजोबांनी एकाच चांगल्या झाडावरून आणली असेल, म्हणजे वरचा हापूस ऐंशी ठिकाणी एकच आहे. तरी झाडांत इतका फरक का?

कातळ, माती, वारा, उतार, ही कारणं ते सांगतील आणि ती खरीच आहेत. पण एक कारण जमिनीत गाडलेलं आहे. पावसाळ्याच्या तोंडाला रायवळच्या कोयी रुजवून, तांबूस पानांच्या कोवळ्या रोपावर हापूसची काडी बसवतात. ते कोय कलम आपण सगळ्यांनी लहानपणी बघितलं आहे. वरची काडी निवडून घेतलेली असते, खालची कोय मात्र उकिरड्यावरची, बाजारातली, मिळेल ती. रायवळची प्रत्येक कोय म्हणजे वेगळं बेणं. तुझ्या बागेत वर एक जात आहे आणि खाली ऐंशी जाती. मुळं पाणी कसं ओढतात, झाड किती उंच जातं, कातळावर तगतं की नाही, यात खालच्याचाही हात असतो. दक्षिणेत ओलूरसारखे काही आंबे असे आहेत, ज्यांच्या एका कोयीतून तीन-चार रोपं येतात आणि ती बहुतेक आईची हुबेहूब नक्कल असतात. असा एकसारखा खुंट, म्हणजे कलमाखालचं मुळांचं रोप, आपल्या कातळावर हापूसला कुठला मानवतो, हा प्रश्न एका माणसाच्या उभ्या आयुष्याला पुरेल. त्यात जंगल आहे, पीक आहे, जीनोमही आहे आणि तुझे बाबाही आहेत.

आजोबा कॉलेजात गेले नव्हते, हे बरोबर. पण काडी कुठल्या झाडाची घ्यायची हे त्यांनी ठरवलं होतं आणि ते बरोबर ठरवलं होतं. अर्धं काम त्यांनी केलं. खालचं अर्धं राहिलं आहे, ते काही एका पिढीच्या डोळ्यांनी दिसणारं नाही, त्याला पानातलं डीएनए वाचणारं कुणीतरी घरात लागेल. हे त्यांना माझ्या नावानं सांगितलंस तरी हरकत नाही. पण आंबा संपल्यावर सांग. पेट्यांच्या दिवसांत बापाला काही पटत नसतं.

शेवटी एक काम देते, ते मात्र आत्ताच करायचं. गडग्याच्या कडेचे रातांबे मोज. रातांब्याचं नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं हे तू पहिल्याच वर्षाला शिकली असशील. बियांपासून आलेल्या झाडांत साधारण निम्मी नर निघतात, आणि ते कळतं सहा-आठ वर्षं खतपाणी घातल्यावर. तेवढी वर्षं ज्यानं आमसुलांची वाट बघितली त्याला काय वाटत असेल ते सोड. 'कोकण अमृता'सारख्या जातींची कलमं लावली तर प्रश्नच मिटतो, पण कलम करणाऱ्यालाही एक गोष्ट सांभाळावी लागते. उभ्या वाढणाऱ्या शेंड्याचीच काडी घ्यावी लागते. आडव्या फांदीची घेतली तर कलम मोठं होऊनही आडवंच पसरत राहतं, जणू आपण अजून फांदीच आहोत असं त्याला वाटतं. झाडाच्या पेशीला आपली जुनी जागा आठवते, एवढंच आज समजून घे, का आठवते ते तुला एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी शिकवतील आणि तेव्हा तू या पत्राची आठवण काढशील.

तर, आता फळं झाडावर आहेत तोवर वहीत गडग्याचा नकाशा काढ. एकेक झाड, फळ आहे की नाही, खोडाचा घेर किती, कुणी लावलं की आपोआप आलं, आईला किंवा आजीला विचारून वय किती. प्रत्येकाचं एक पान पुस्तकात दाबून ठेव, मागे पेन्सिलीनं झाडाचा क्रमांक लिहून. ज्यांना फळ नाही ती सगळी नर असतीलच असं धरू नकोस, येत्या थंडीत त्यांची फुलं बघून खात्री कर. पानावरून नर-मादी सांगणारी डीएनएची खूण शोधायची असेल तर कुणालाही आधी हीच यादी लागते, खात्रीची झाडं आणि त्यांची पानं. तुझ्याकडे ती दारात उभी आहेत.

यादी झाली की तिची एक प्रत पाऊस लागायच्या आत मला पाठव. कागदाला चीक लागला तरी चालेल.